शेवटची घडी

फार फार पूर्वी, कागद हातानेच बनत असे तेव्हाची ही गोष्ट. कागद करणाऱ्यांच्या एका गावात एक पंतोजी होते. कडेला फाटलेले, विक्रीला न जाणारे कागद गावकरी त्यांच्या शाळेत आणून देत. पंतोजी लहान मुलांना त्यांतून होड्या, बेडूक, पाखरे करायला शिकवीत.

पंतोजी मायाळू, पण नको तितके नेटके. वाकडी घडी त्यांना बघवत नसे. म्हणून त्यांनी एक रीतच पाडली होती: शेवटची घडी पंतोजींनी घालायची. ते नखाने कड दाबीत आणि पाखरू कसे ऐटीत उभे राही. आईबाप खूश, पंतोजी त्याहून खूश.

त्यांची नात गोदू याच शाळेत होती. शाळेत येण्याआधी ही पोर कागदाचे काय वाट्टेल ते करी. कशाला तीन पाय, तर कशाला नुसतीच शेपूट. आताशा तिचे पाखरू चारचौघांसारखे देखणे होई. पोर सुधारली, असे पंतोजींना वाटे.

एकदा राणी शाळा पाहायला आली. तिने मुलांना एकेक कागद दिला आणि म्हणाली, "बाळांनो, मनात येईल ते करा."

मुलांनी भराभर घड्या घातल्या आणि शेवटच्या घडीपाशी सगळे हात थांबले.

"हे काय होणार गं?" राणीने गोदूला विचारले.

"मला नाही ठाऊक. आजोबा करतील तेव्हा कळेल."

पोरीच्या डोक्यातले ते तीन पायांचे प्राणी आपणच हुसकून लावले, हे पंतोजींना कळले. त्यांना फार वाईट वाटले.

ते तिच्याशेजारी बसले. "आज तूच घाल."

"चुकेल ना."

"चुकू दे की."

सवयीने त्यांचे बोट पुढे झालेच. तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. गोदूने बराच वेळ कागद फिरवून पाहिला. मग एक कोपरा भलतीकडेच दुमडला. झाले ते एका बाजूला कलंडलेले होते.

"हे काय गं?" पंतोजींनी विचारले.

"घुबड. झाडात कोण बोलतंय ते ऐकतंय, म्हणून मान वाकडी."

राणी हसली. पंतोजींचे डोळे भरून आले.

ती रीत त्याच दिवशी मोडली. पुढे शाळेतल्या वस्तू तितक्या देखण्या झाल्या नाहीत. पण एकीसारखी दुसरी कधी झाली नाही.

तात्पर्य: मुलांना घडी घालायला जरूर शिकवावे, पण तिचे काय करायचे ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.