सासू माझी ठकूबाई

घाटाला अजून गाडीवाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कातळवाडीत गोजरा नावाची एक सून होती. गावाबाहेर सपाट कातळ आहे, त्यात सात उखळं कोरलेली आहेत, आणि रोज सकाळी वाडीच्या बायका तिथं भात कांडायला जमायच्या. एका उखळावर दोघी, समोरासमोर उभ्या. एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. कांडताना गाणं लागतंच, नाहीतर हात चुकतो. ती गाणी गोजरा रचायची. असं म्हणतात, तिनं सूर लावला की तूस आपणहून उडून जायचं, सूप हातात घ्यावं लागायचं नाही. आता इतकं काही नसेल. पण तिचा आवाज घाटाखालच्या तीन गावांना ऐकू जायचा, हे मात्र सगळेच सांगतात.

आणि तिच्या प्रत्येक गाण्यात असायची तिची सासू.

सासू माझी ठकूबाई, भात झाकी पाटीखाली,
सूनबाईच्या ताटात, नुसती पेज ओतली.

असली एक नाही, शंभर गाणी. गावोगावच्या सुना ती पाणवठ्यावर म्हणायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या. बिचारी गोजरा, कसे दिवस काढत असेल, म्हणायच्या. ठकूबाई बाजाराला गेली की अनोळखी बायकासुद्धा तिच्याकडं बघून नाक मुरडायच्या.

खरी गोष्ट अगदी उलटी होती. ठकूबाई म्हणजे लोण्याचा गोळा. सुनेच्या पानात मऊ भात वाढायची, स्वतः तळाची खरवड खायची, आणि वर म्हणायची, मला खरवडच गोड लागते.

मग ही गाणी आली कुठून? लग्नाच्या पहिल्याच वर्षी एके दिवशी गोजराच्या समोर शेजारची एक सून कांडत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी टपटप उखळात पडत होतं. पोट खपाटीला गेलं होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. गोजरानं घरी येऊन सासूला सांगितलं.

"मग बांध की त्याचं गाणं," ठकूबाई म्हणाली. "मनात कुजण्यापरीस तोंडातनं बाहेर पडू दे."

"आनि नाव कुनाचं घालू, आत्ती? तिच्या सासूचं घातलं तर ती हिची हाडं मोडंल."

"माझं घाल. म्हातारीच्या नावाला काय गंज चढतोय व्हय?"

तेव्हापासून सुना एकेक करून गोजराच्या कानाशी यायच्या, मनातलं सांगून हलक्या व्हायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं गाणं व्हायचं. दुःख दुसरीचं, नाव ठकूबाईचं. कोणतं गाणं कुणाचं, हे गोजराच्या तोंडून मरेपर्यंत बाहेर पडलं नाही.

पण गंज चढलाच. ठकूबाईचा धाकटा मुलगा मल्हारी लग्नाचा झाला. तीन सोयरिकी आल्या, तिन्ही मोडल्या. चौथी घाटाखालच्या सुभानाच्या हौसाशी जमली. सुपारी फुटली, मल्हारी हवेत चालू लागला, आणि तेवढ्यात सुभानाच्या कानावर ते पेजेचं गाणं पडलं. पोरीला आडात ढकलीन पण ठकूबाईच्या दारात देणार नाही, असं तो चारचौघांत म्हणाला.

गोजराला अन्न गोड लागेना. तिनं घाईघाईनं सासूच्या कौतुकाचं गाणं रचलं. ते ऐकून लोक म्हणाले, बघा, म्हातारीनं मारून म्हणायला लावलं. मग गोजरा म्हणाली, "आत्ती, मी आता समद्यांना खरं सांगते."

"खबरदार," ठकूबाई म्हणाली. "एकदा खरं कळलं की जिची तिची सासू आपलं गाणं हुडकत बसंल. पोरींची तोंडं कायमची बंद. मल्हारी बिनलग्नाचा ऱ्हाईल, मरनार न्हाई." एवढं बोलून ती परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. गोजराला हुंदका आवरला नाही.

चार दिवसांनी सुभाना घाट चढून आला. बरोबर हौसाही होती. ते गाणं म्हणणारीला एकदा बघायचंच, म्हणून हट्टानं आली होती. बायका कांडत होत्या, गोजराच्या समोर ठकूबाईचं मुसळ चाललं होतं. सुभानानं साखरपुड्याचं लुगडं कातळावर ठेवलं आणि सोयरीक मोडल्याचं सांगितलं. सातही उखळं थांबली. आपापलं गाणं जिला तिला ठाऊक होतं, पण बोलायची सोय कुणालाच नव्हती. गोजरानं तोंड उघडलं, तशी ठकूबाईनं तिच्याकडं नुसतं बघितलं.

हौसा मात्र दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. तिनं विचारलं, "ही गात असती तवा सासू कुठं असती?"

"कुठं असनार? अशीच समोर," कुणीतरी म्हणालं. "जोडीनं कांडत्यात."

"आबा," हौसा बापाला म्हणाली, "आपल्या वैनी घरात कदी गात्यात का?"

सुभानाची नजर कातळावरच्या लुगड्याकडं गेली.

"जिला खरंच जाच असतो तिचं तोंड शिवलेलं असतं. हितं सून सासूच्या तोंडावर गाती, आनि सासू ठोका धरून ऐकती. मला ह्याच घरात द्या."

सुभानानं खाली वाकून लुगडं उचललं आणि पोरीच्या हातात दिलं. ठकूबाई तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत रडली.

पुढं दोन्ही सुनांच्या मांडीवर ठकूबाईनं डोळे मिटले. असं म्हणतात, तेराव्यानंतर गोजरा एकटीच कातळावर कांडायला उभी राहिली, तर तिच्या दोन ठोक्यांच्या मधे समोरून तिसराच ठोका पडत होता. सगळ्या वाडीनं तो ऐकला.

आता गिरणी आली, उखळांत पावसाचं पाणी साचतं. तरी कातळवाडीत नवी सून आली की सासू तिला घेऊन कातळावर जाते. दोघी मुसळं धरतात. सुनेनं मनातलं गाऱ्हाणं मोकळं गायचं, नाव ठकूबाईचं घालायचं, आणि सासूनं ऐकत ठोका सांभाळायचा. एखाद्या सासूचा ठोका मधेच चुकतो. तिला कुणी काही विचारत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिची सून चार दिवसांसाठी माहेरी निघालेली दिसते, आणि वाटेपर्यंत पोचवायला सासूच जाते.