रेमेतबायनं थांबवलेली भरती

आजोबांचे आजोबाही ज्या काळाला ‘फार पूर्वी’ म्हणायचे, त्या काळातली ही गोष्ट.

शिंपबेट नावाचं एक बेट होतं. पाच गावं, नारळाची झाडं आणि एक बिशप. एवढ्याशा बेटाचा स्वतंत्र धर्मप्रांत होता आणि लोकांना त्याचा भारी अभिमान. चर्च मात्र खाडीपलीकडच्या टेकडीवर. तिथं न्यायला रेमेतबायची होडी.

नवरा गेल्यावर रेमेतनं त्याचं वल्हं हाती घेतलं, तेव्हा बाईच्या होडीत बसायला कुणी तयार नव्हतं. असं म्हणतात, की म्हातारे बिशप स्वतः खाडीवर आले, झगा गुडघ्यापर्यंत उचलून होडीत चढले आणि म्हणाले, “चल बाय. मला पोहता येत नाही, तेवढं ध्यानात ठेव.” दुसऱ्या दिवसापासून सगळे बसू लागले.

पुढे ते बिशप वारले. मग समुद्रापलीकडून, वरिष्ठांकडून निरोप आला, की एवढ्याशा बेटाला वेगळा बिशप कशाला? ते मोठ्या धर्मप्रांतात मिसळून टाकावं. सणाच्या दिवशी एक फादर पाहणीला येतील, चर्चमध्ये किती माणसं जमतात ते बघतील आणि ओहोटी लागताच त्यांचं गलबत परत निघेल. लोक हबकले. बिशपांच्या हातून होणाऱ्या पोरांच्या दृढीकरणाच्या विधीलासुद्धा आता समुद्र ओलांडायचा, आणि पावसाळ्याचे चार महिने तर समुद्र बंदच.

त्यात आठवड्यापूर्वीच्या वादळानं बाकीच्या होड्या फुटलेल्या. उरली एकट्या रेमेतची, बारा माणसांची.

मारियामातेच्या सणाला फादर आल्बान आले. चर्चमध्ये तेव्हा घंटा वाजवणारा आणि तीन म्हाताऱ्या. खाडीअलीकडे पाच गावं नवे कपडे घालून उभी. रेमेत खेपांमागून खेपा करत राहिली, पण काठावरची गर्दी काही हटेना. तेवढ्यात भरती पुरी झाली. भरलेलं पाणी घटकाभर थबकतं आणि उतरू लागतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं वल्हं पाण्यावर टेकलं आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, “दर्याबाबा, तू रोजच जातोस. आज जरा बस.”

आणि दर्या बसला.

असं म्हणतात, की पाणी परातीतल्या तेलासारखं निश्चल झालं. गलबताचा तांडेल डोकं खाजवू लागला. बिळांच्या तोंडाशी खेकडे वाट बघून कंटाळले. कुणी चाळीस खेपा सांगतं, कुणी एकशे एक. रेमेतचे तळहात सोलले, तेव्हा तिनं पदर फाडून गुंडाळला.

दिवस कलता चर्च भरलं, अंगण भरलं, तरी ती पुन्हा निघाली. फादर काठावर आले. पलीकडे तर कुणीच दिसत नाही, असं ते म्हणाले. रेमेतनं सांगितलं, की पास्कू आजा खाटेवरून उठत नाही, त्याला आणायचाय.

“एका माणसासाठी?”

“फादर, घंटा त्याला घरात ऐकू येते. तो म्हणेल, रेमेत मला विसरली.”

फादर होडीत चढले आणि त्यांनी दुसरं वल्हं धरलं. होडी जागच्या जागी गरगर फिरली. अख्खं अंगण हसलं, फादरही हसले. पास्कू आजा खाटेसकट आला. फादरांनी सणाची उपासना, मिस्सा म्हटली, शेवटचा आशीर्वाद दिला आणि मगच ओहोटी लागली.

फादरांनी वरिष्ठांना एकच ओळ लिहिली: “बेट पुरेसं आहे, चर्च लहान पडतं.” वर्षाच्या आत नवे बिशप आले.

आता खाडीवर पूल आहे. तरी शिंपबेटाचा नवा बिशप पहिल्या दिवशी गाडीनं चर्चला जात नाही. त्याला होडीत बसवतात आणि हातात वल्हं देतात. बेटावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला त्यानं वल्हवत आणल्याशिवाय मिस्सा सुरू होत नाही. मागच्या बिशपांना दीड तास लागला. पाचही गावं काठावरून त्यांना डावं-उजवं सांगत होती, आणि घंटा वाजवणारा तेवढा वेळ दोर धरून उभा होता.