राजाला चावणारा जोडा

राजा रणधवलच्या दोन्ही पायांना अंगठ्याच्या मुळाशी हाडाच्या गाठी आल्या होत्या. चांगल्या सुपारीएवढ्या, लाल आणि ठणकणाऱ्या! वैद्यांनी लेप लावले, शेक दिले. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग जरीचा चिंचोळा जोडा पायात गेला, की राजा सिंहासनापर्यंत कोंबड्यासारखा एकेक पाय उचलत यायचा. हसायची कुणाची छाती नव्हती.

एक दिवस त्याने जोडे करणाऱ्या सटवाला बोलावलं.

"सटवा, तुझा जोडा चावतो!"

"थोडा रुंद करतो की, महाराज."

"रुंद? म्हणजे राजाचा पाय पसरला म्हणतोस? माप तसूभरही वाढवायचं नाही! त्याच मापाचा, पण न चावणारा जोडा आठ दिवसांत आण. नाहीतर राज्य सोडून चालता हो!"

सटवा घरी येऊन नुसता बसून राहिला. साठी उलटलेली. या वयात कुठे जायचं?

त्याची मुलगी राही जवळ आली. "बा, राजाचं माप घेतोस कसं?"

"गादीवर बसवून. पाय मखमली उशीवर, आणि त्याभोवती मी दोरा धरतो. राजा कारागिरासमोर उभा राहत नाही, पोरी. रिवाज आहे."

"आणि गावातल्या माणसांचं?"

"त्यांना कातड्यावर उभं करतो."

राही हसली. "ऊठ, जेवून घे. जोडा मी नेते."

आठव्या दिवशी ती एकटीच दरबारात आली.

"बाप घाबरला वाटतं?" राजाने विचारलं.

"नाही महाराज. बा म्हणाला, एवढ्याशा कामाला तू पुरेशी आहेस."

तिने सिंहासनापुढे पांढरं कापड अंथरलं. कोमट तेलात हळद कालवून राजाच्या गाठी हलक्या हाताने चोळल्या. तळव्यांना हळद जरा जास्तच लावली. राजाचे डोळे मिटले.

"हं... जरा डावीकडे... हां, तिथेच!"

मग तिने आणलेला जोडा राजाच्या पायात घातला.

"अरे वा! चावत नाही!"

"मापही तेच आहे. हा बाच्या मापाचा दोरा, लावून बघा."

प्रधानाने खाली बसून दोरा लावला. माप तेच! राजा खुशीत उठला, एक पाऊल टाकलं आणि किंचाळला, "आई गं!" त्याने दोन्ही जोडे झटकले. एक थेट प्रधानाच्या मांडीवर पडला.

"मला फसवतेस?"

"नाही महाराज. माप बसलेल्या राजाचं, म्हणून जोडाही बसलेल्या राजाचा. बसून राहिलात तर जन्मभर चावणार नाही! चालायचं असेल, तर उभ्या राजाचं माप हवं."

"मी कारागिरासमोर उभा राहणार नाही! कधीच नाही!"

"बरं, महाराज. आता फक्त हलू नका."

राही वाकली. कापडावर राजाच्या पावलांचे पिवळेधमक ठसे उमटले होते. तिने त्यावर तोच दोरा धरला. दोरा चांगला दोन बोटं तोकडा पडला.

राजाने खाली पाहिलं. तो उभाच होता!

"अगं, माझा रिवाज मोडलास की!"

"मी कुठे मोडला? मी उठा म्हटलंच नाही. तुम्हाला जोड्यानं उठवलं!"

राजाने मिशीला पीळ दिला. "म्हणजे शेवटी माझा पाय पसरला, असंच ना?"

"पसरणारच, महाराज! तुम्ही उठलात, की सगळ्या राज्याचा भार त्याच्यावर येतो!"

राजा पोट धरधरून हसला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने राहीला दिलं, आणि सटवाला जन्मभरासाठी दरबारचा कारागीर नेमलं. पुढे त्या ठशांवरून बेतलेल्या नव्या जोड्याने गाठी गेल्या नाहीत, पण राजा ताठ चालू लागला.

"आजपासून दरबारातल्या सगळ्यांची मापं उभ्यानेच घ्यायची!" त्या दिवशी राजाने तिथेच हुकूम सोडला होता.

हुकूम पुरा व्हायच्या आत प्रधान जोडे काढून कापडावर येऊन उभा होता.