सोळा ओंजळींची पायली

फार वर्षं झाली या गोष्टीला. बोरगव्हाणच्या बाजारात तेव्हा येसू मापारीण धान्य मोजायची. नवं माप आलं की आधी ती ते आपल्या ओंजळीनं भरून बघे. सोळा ओंजळी जोंधळा बसला तर पायली खरी, नाहीतर आल्या वाटेनं परत. तिच्या सोळा ओंजळींत एक दाणा कमी नाही की जास्त नाही, असं म्हणतात.

एके वर्षी गोंदाजी शेटनं दुकानात पितळेची नवी पायली आणली. लखलखीत, आणि पोटावर सरकारचा शिक्का! येसूनं सवयीनं ओंजळ भरली, तसा शेट हसला.

"येसूबाई, सरकारनं तपासलेलं माप तू काय तपासणार?"

भोवतालची माणसंही हसली. येसू ओशाळली. ओंजळ तिनं तशीच रिकामी केली आणि "लाभ" म्हणत मोजायला लागली. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

तेव्हापासून घरोघरी दाणे पुरेनासे झाले. बाजाराच्या आदल्या दिवशीच मडकं रिकामं. मापावर संशय कोण घेणार? शिक्का होता ना! आधी उंदरांना शिव्या बसल्या, आणि उंदरांनंतर सुनांना.

येसूच्या घरीही तेच. मोजणारी आपणच, मग दाणे जातात कुठं? तिच्या जिवाला थारा नव्हता. जात्यावर बसलेल्या सुनेच्या हातांकडे, पदराच्या गाठीकडे तिची नजर सारखी जायची. सून गजरा, मुकाट्यानं राबणारी पोर. तिला सगळं दिसत होतं. ती आपल्याच वाटणीची भाकर अर्धी करून खाऊ लागली, तरी मडकं रिकामंच.

पाचव्या बाजाराच्या सकाळी येसूचा तोल गेला.

"गजरे, दाणे माहेरी धाडतीस का गं?"

गजरा जात्यावरून उठली. मग म्हणाली, "आत्याबाई, माज्यावर इस्वास नसंल, तर तुमच्या वंजळीवर तरी ठिवा." आणि नदीच्या वाटेनं निघून गेली.

येसू रागातच बाजाराला निघाली. उंबरठ्यापाशी तिचा पाय थबकला. घागर दारातच होती. पोर नदीला गेली, ती घागर न घेता.

येसू नदीकडे धावली. शेटचं दुकान वाटेवरच होतं, आणि गजराचा वंजळीचा शब्द कानात घुमत होता. तिथं शिरून तिनं पायली ओढली आणि ओंजळीनं भरायला लागली.  चौदाव्या ओंजळीलाच पायली भरून दाणे बाहेर सांडले.

"शिक्क्याला खोटं म्हणतीस?" शेट ओरडला. "सरकार हात तोडील!"

"तोडू दे! ह्याच हातांनी मी सोन्यासारख्या पोरीला चोर ठरवलं!"

तिनं पायली दोन्ही हातांत घट्ट धरली. असं म्हणतात, त्या हातांना इतकी आग होती की शिक्का सुटून तिच्या तळव्यावर आला. ठोकलेला नव्हताच तो, लाखेनं चिकटवलेला होता. पायली आपटली तर बुडाखाली दुसरं बूड निघालं.

शेटचं काय झालं ते बघायला येसू थांबली नाही. ती नदीकडे पळाली. गजरा छातीइतक्या पाण्यात उभी होती. सासू येईपर्यंत नदी वाहायची थांबली होती, असं म्हणतात.

"चुकले गं माजे बाई, माप खोटं होतं!"

गजरानं मागं वळून पाहिलं. "मला नका सांगू, आत्याबाई. बाजारात सांगा."

ओल्या लुगड्यातल्या सुनेचा हात धरून येसूनं भर बाजारात सांगितलं. पुढे मापारीण गजराच झाली.

आता तिथं विजेचे काटे आहेत, त्यांच्यावर शिक्केही आहेत. तरी पाडव्यानंतरच्या पहिल्या बाजाराला गावातली सगळ्यांत म्हातारी सासू सोळा ओंजळींनी पायली भरते, सुनेला शेजारी उभी करते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "खोट मापात होती. माझी सून खरी होती."

तोवर तिथं कुणी लाभ म्हणत नाही.