घरात चिखल आणतं कोण?

फार वर, जिथं ढगसुद्धा दमून टेकतात, अशा एका डोंगरगावात एक नवी सून नांदायला आली. माहेर शहरातलं, घरात काळी फरशी. बादलीभर पाणी ओतलं की लख्ख. सासरची जमीन सारवलेली, मातीची. पण सून म्हणाली, जमीन ती जमीन. ती आली सुगीत. मग बर्फ पडला आणि पुसायची वेळच न येता नुसत्या झाडूवर थंडी निघून गेली.

माघ सरता ऊन तापलं, बर्फ वितळला आणि गावभर राडा झाला. नवरा मेंढरं घेऊन खालच्या कुरणात गेलेला. घरात ती आणि म्हातारे सासरे. ते शेळीला पाला घालून आले, तशी दोन पावलं उमटली. सुनेनं पदर खोचला, बादली ओतली, खसाखसा पुसलं. तासाभरानं बघते तर दोन पावलांच्या जागी हातभर चिखल. पुन्हा बादली. संध्याकाळी चिखल चुलीपर्यंत.

तिचं डोकंच चालेना. तिनं कुत्र्याला हाकललं, शेजारणींना उंबऱ्यावरून वाटेला लावलं. त्या नाकं मुरडत गेल्या, पण चिखल काही गेला नाही. उरले मामंजी. तिनं सांगितलं, जमीन सुकेपर्यंत तुम्ही गोठ्यात निजा.

"अगं पोरी, ही जमीन..." म्हातारे बोलू लागले, पण ऐकायला वेळ होता कुणाला? त्यांनी घोंगडी उचलली आणि गोठा गाठला.

दोन दिवस घरात परकं पाऊल नाही, तरी चिखल घोट्याला लागला. सून पुरती चक्रावली. तिनं स्वतःचे तळवे उलटे करून पाहिले, छप्पर पाहिलं, मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. भुताटकी म्हणावी, तर भूत चिखल कशाला आणेल, तेही कळेना. आणि एवढ्या गोंधळात बाईसाहेबांची बादली काही थांबली नव्हती बरं का.

तिसऱ्या सकाळी गोठ्यातून खोकला येऊ लागला, तो थांबेचना. ती धावली. मामंजी तापानं फणफणले होते. तिनं त्यांना धरून दारापर्यंत आणलं, तर ते उंबऱ्याशीच अडले.

"पाय चिखलाचे आहेत गं माझे."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशाच पायांनी तिनं त्यांना आत नेलं, चुलीशी बसवलं, जाळ वाढवला. काढा, शेक, पेज यातच दिवस गेला. बादली कोपऱ्यात पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. सुनेनं खाली पाहिलं, तर जमीन सुकलेली. मामंजींच्या पावलांच्या खपल्या झाल्या होत्या. झाडू फिरवताच निघाल्या. राहिले ते तिनं घासून घासून पाडलेले खळगे. ती बावरून बघतच राहिली.

मामंजी म्हणाले, "पोरी, बाहेरचा चिखल वाळू द्यावा, मग झाडावा. पाणी ओतलंस की आपल्या मातीच्या जमिनीचाच चिखल होतो."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो. तू गोठ्यात पाठवलंस."

सुनेला रडू कोसळलं. मग डोळे पुसून ती शेजारणींकडे गेली आणि खळगे बुजवायचे आहेत, तशाच पायांनी या, म्हणाली.

तात्पर्य: घरातला चिखल हटत नसेल, तर माणसं बाहेर काढण्याआधी आपल्या हातातली बादली खाली ठेवून पाहावी.