विहीर खणणारा आणि धनेश

पावसाने कायम पाठ फिरवलेल्या एका माळावरच्या गावात रेवण नावाचा विहिरी खणणारा राहत होता. अंगाने किरकोळ, पण मनाने भलताच चिवट. त्याने हातात घेतलेली विहीर कोरडी राहिली, असं पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. खणताना काळा खडक लागला की विहिरीचे मालक हात जोडायचे आणि गडी टिकाव टाकून सावलीला बसायचे. रेवण मात्र एवढंच म्हणायचा, "आणखी एक परस." परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली. त्या परसात नाही तर त्याच्या पुढच्या परसात, पण पाणी लागायचंच. त्यामुळे एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली होती. उठून गेलेल्याला काही मिळत नाही, बसून राहिलेल्याला मिळतं.

रेवणला दोन मुलं होती. थोरली गौरा नऊ वर्षांची आणि धाकटा सिद्धू पाच वर्षांचा. एका वर्षी गौराला ताप आला आणि तो महिनाभर हटला नाही. ती पडून असायची त्या खाटेसमोर औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलं होतं. त्यावर एका पक्ष्याचं चित्र होतं. काळे-पांढरे मोठे पंख, भली मोठी पिवळी चोच आणि त्या चोचीवर टोपी घातल्यासारखं पिवळं शिंग. पोर दिवसभर त्या पक्ष्याकडे बघत राहायची. डॉक्टर येऊन सुई टोचायचे तेव्हाही तिची नजर तिथून हलायची नाही. एके दिवशी रेवणने तिच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं, "याला धनेश म्हणतात. तू बरी हो. मी तुला हा खराखुरा दाखवतो."

गौरा बरी झाली. आणि रेवण दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हता.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तसं त्याने काम चार दिवस थांबवलं. गड्यांनी त्याची थट्टा केली. जन्मभर जमिनीत बघणारा मालक आता आभाळात बघायला निघालाय, मान अवघडली तर शेकायला कोण बसणार, असं म्हणून ते हसले. रेवणही हसला. त्याने बायकोला, कस्तुराला, धपाटी आणि शेंगांची चटणी बांधून घ्यायला सांगितलं आणि चौघं एस्टीने निघाली.

घाट उतरला आणि मुलांचे डोळे विस्फारले. ऐन उन्हाळ्यात सगळं हिरवं होतं. फणस झाडाच्या बुंध्याला लटकलेले, काजू लाल-पिवळे होऊन खाली पडलेले, वेली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर चढलेल्या. सिद्धू खिडकीला नाक लावून बसला होता. एवढ्या झाडांना पाणी कोण घालतं, असं त्याने आईला विचारलं.

"देव घालतो," कस्तुरा म्हणाली. "इकडचं उरकता उरकता त्याला आपल्याकडं यायला उशीर होतो."

ते उतरले ते धाकू गुरवाच्या घरी. धाकू म्हणजे गावच्या देवराईतल्या देवाचा पुजारी. देवाच्या नावाने राखलेलं ते जंगल त्याच्या आजोबांच्या आजोबांपासून कुणी तोडलं नव्हतं. त्यात बेहड्याचा एक जुना वृक्ष होता आणि त्याच्या ढोलीत दर वर्षी धनेशाचं घरटं असायचं. धाकूने मुलांना अंगणात बसवून सगळं समजावून सांगितलं. मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. मग दोन-तीन महिने ती बाहेर येत नाही. नर रानातून फळं आणतो आणि त्या फटीतून एकेक करून तिला देतो. आता आत पिल्लूही आहे, त्यामुळे नराला दिवसभर फुरसत नसते.

"तो एकटाच आणतो?" गौराने विचारलं.

"एकटाच. तो नाही आला तर आतल्या दोघांना दुसरं कुणी नाही."

पहिल्या दिवशी धाकूने त्यांना ओढ्याच्या अलीकडे एका खडकाआड बसवलं. झाड तिथून बरंच लांब होतं, मध्ये पानांची दाटी होती. तासाभराने पानांमागे काहीतरी मोठं आणि काळं हललं. रेवणला ते ओझरतं दिसलं. त्याने गौराला उचलून वर धरलं, तोवर तिथे नुसती फांदी हलत होती. त्यानंतर दोन वेळा असंच झालं. संध्याकाळी गौराचं तोंड एवढंसं झालं होतं. एवढ्यासाठी का आपण डोंगर उतरून आलो, असं रेवणला वाटलं.

दुसऱ्या दिवशी धाकूच्या नात्यात लग्न होतं. लांबूनच बघा, एवढं बजावून तो पहाटेच गेला. रेवणने उजाडायच्या आत सगळ्यांना उठवलं, ओढा ओलांडला आणि थेट बेहड्याच्या बुंध्याशी नेऊन बसवलं. वर मान केली की ढोलीची फट समोर दिसत होती. आता तो आला की गौराला त्याची शिंगवाली चोचसुद्धा नीट दिसणार होती.

पण तो आला नाही. सकाळ गेली, दुपार गेली. सिद्धू आईच्या मांडीवर झोपून उठला. फटीतून मधूनमधून पिवळ्या चोचीचं टोक बाहेर यायचं आणि आत जायचं.

शेवटी कस्तुरा हळूच म्हणाली, "अवो, आपल्या उंबऱ्यावर कुणी परका माणूस आत डोळे लावून बसला, तर मी सिद्धूला घास भरवीन काय?"

रेवणने नकारार्थी मान हलवली. कुठे लांब गेला असेल, येईल, असं तो म्हणाला. आणखी थोडं बसू, आणखी थोडं. अंधारून येईपर्यंत ते बसले.

तिसरा दिवस शेवटचा होता. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी होती आणि गावात अर्धी खणलेली विहीर वाट बघत होती. रेवण पुन्हा उजाडायच्या आत सगळ्यांना घेऊन बेहड्याखाली जाऊन बसला. आज तर तो उठणारच नव्हता. पाठ बुंध्याला, पाय घट्ट रोवलेले, खडक लागल्यावर दिसायचा तसा त्याचा चेहरा झाला होता.

उन्हं वर आली तेव्हा लग्नाहून परतलेला धाकू त्यांना शोधत आला. त्यांना तिथे पाहून तो थबकला. तो झाडाखाली वाकला आणि पाचोळ्यात बोटं फिरवू लागला. धनेश घास भरवतो तेव्हा फळांच्या बिया खाली पडतात. त्या ओल्या असतात. धाकूला सगळ्या सुकलेल्या सापडल्या.

"कालपासून आत काही गेलेलं नाही," तो म्हणाला.

मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, की आतून येणारा आवाज ऐकलात का. सगळ्यांनी कान दिला. ढोलीतून बारीक, चिरका आवाज येत होता. कालही तो येत होता, पण काल तो मोठा होता.

धाकूने पलीकडच्या डोंगराकडे मान केली. तिथे सातवीणीचं एक उंच झाड होतं. "तो तिथे बसलाय. गळा फळांनी भरलाय त्याचा. तुम्हाला तो दिसत नाही, पण त्याला तुम्ही दिसता. तुम्ही उठायची वाट बघतोय तो."

रेवणला ते पटलं, पण पटलं तरी त्याचे पाय उठेनात. जरा वेळाने त्याला आपली भीती वाटेनाशी होईल, तो म्हणाला. पाल्याचा आडोसा करू. हलायचं नाही, बोलायचं नाही. एवढं आलोय तर आणखी एक तास. माझ्या सगळ्या जन्मात मी बसून राहिलो आणि मिळालं नाही, असं झालेलं नाही.

"पाणी खाली आपल्या जागी असतं, पावणे," धाकू म्हणाला. "त्याला तुमची भीती नसते."

एवढं बोलून तो बाजूला झाला. पाहुण्यांना हाताला धरून उठवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. फक्त जाताना त्याने एक गोष्ट सांगितली. उठलात तर सरळ चालत जा. रान संपल्यावर उघडा कातळ लागतो, तो ओलांडेपर्यंत थांबू नका आणि मागे वळून बघू नका. माणूस थांबला की तो पक्षी माघारी फिरतो.

रेवण बसून राहिला. त्याच्या एका बाजूला गौरा होती, तापातून उठलेली, अजून मनगटं काडीसारखी असलेली. तिला त्याने शब्द दिला होता. वरती ढोलीत आवाज आणखी बारीक झाला होता. उठलो तर पोरीला दिलेला शब्द जातो. बसलो तर आतलं पिल्लू जातं. दुसरा बाप समोरच्या डोंगरावर भरल्या गळ्याने बसलाय, आणि त्याची वाट अडवणारा मी आहे.

गौराने वर बघितलं आणि विचारलं, "आप्पा, त्याला भूक लागलीय ना?"

रेवण उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो हाती काही न लागता उठला, आणि उठताना त्याला खडक फोडण्याहून जास्त जोर लागला. "गौरा," तो म्हणाला, "आता आपण गेलो तर तुला तो दिसणार नाही. आपण जायचं का?"

पोरीचे डोळे भरून आले. पण ती लगेच उभी राहिली, तिने सिद्धूच्या चपला त्याच्या पायात घातल्या आणि बापाचा हात धरला.

चौघं ओढा ओलांडून निघाली. मागे वळायचं नाही म्हणून सिद्धूने दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे झाकून घेतले होते, आणि कस्तुरा त्याला खांद्याला धरून नेत होती. रान संपलं, तापलेला काळा कातळ सुरू झाला. ते निम्म्यावर पोचले असतील, तेवढ्यात समोरच्या डोंगराकडून आवाज आला. ओली सतरंजी कुणी दोन्ही हातांनी जोरजोरात झटकावी तसा. आवाज वाढत वाढत थेट त्यांच्या डोक्यावर आला.

तो धनेशाच्या पंखांचा आवाज होता. नुसती मान वर करायची होती. एवढा जवळ, एवढा मोठा, ज्याच्यासाठी ते घाट उतरून आले होते तो. रेवणचे पाय जागीच थांबले. त्याची मान आपोआप वर उचलली जाऊ लागली.

तेव्हा त्याच्या हाताला हिसका बसला. गौरा दोन्ही हातांनी त्याला पुढे ओढत होती. तिने मान खाली घातली होती आणि ओठ घट्ट मिटले होते.

"आप्पा, चला," ती म्हणाली. "तो घरी चाललाय."

रेवणने मान खाली घातली आणि पाऊल उचललं. त्याच वेळी कातळावरून एक मोठी सावली सरकत आली. पसरलेले पंख, लांब मान, पुढे जड चोच. ती गौराच्या पायांवरून गेली, रेवणच्या पायांवरून गेली आणि मागे रानाकडे निघून गेली. कुणीही वळलं नाही. कातळ संपेपर्यंत ते एका चालीने चालत राहिले.

संध्याकाळी धाकू रानातून परतला तेव्हा मुलं अंगणात त्याचीच वाट बघत होती. त्याने खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं आणि ओटीवर बसला. तो ओढ्याच्या अलीकडूनच बघून आला होता. नर पाच वेळा आला. पाचव्या खेपेपर्यंत ढोलीतला आवाज थांबला होता. पोट भरलं की पिल्लू झोपतं.

 रेवणने गौराला जवळ ओढून घेतलं आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा यायचं, पण खडकाआड लांब बसायचं, एवढंच तिला सांगितलं. ती हो म्हणाली.

सिद्धूला मात्र एक शंका होती. तो धाकूच्या गुडघ्याशी येऊन उभा राहिला. "मी डोळे झाकले होते. ते त्याला कळलं का?"

"कळलं तर," धाकू म्हणाला. "म्हणून तर तो आला."

तात्पर्य: चिकाटीने बसून राहण्यात मोठेपणा आहेच, पण आपल्या बसण्याने दुसऱ्याचा घास अडत असेल, तर तेवढ्याच चिकाटीने उठून जावं.