एकाच पत्त्याची दोन घरे

मिरजेत एका इमारतीत खाली डोळ्यांचा दवाखाना आणि वर सतारीची शाळा, असे दोन शेजारी एकदा आनंदाने नांदत होते. दोघांनी मिळून इंटरनेटसाठी एकच राउटर घेतला आणि पंचाईत झाली. दोन्हीकडच्या यंत्रांचे नेटवर्कमधले पत्ते आकड्याला आकडा सारखे निघाले. एकाच्या तारेला पत्ता दिला की राउटर दुसऱ्याच्या तारेला तोच घ्यायला साफ नकार देई.

जोडणीचे काम शिकणारी निलोफर सकाळपासून खटपट करून दमली होती. चार वाजता शाळेतल्या मुलींची परगावच्या परीक्षकांपुढे ऑनलाइन परीक्षा होती.

"आण्णा, शाळेला सगळे पत्ते बदलायला सांगू या," ती आपले गुरू बाबगोंडा आरवाडे यांना म्हणाली.

"त्यांचा काय अपराध?" असे म्हणून वृद्ध आण्णा राउटरसमोर बसले. त्यांनी त्यात दोन स्वतंत्र क्षेत्रे निर्माण केली आणि दवाखान्याची तार जिथे जोडली होती ते पोर्ट पहिल्या क्षेत्रात टाकले. त्याच क्षणी पडद्यावरून त्याचा पत्ता नाहीसा झाला. खालून ओरड आली, "अहो, बंद पडलं!"

निलोफरने पडद्यावर बोट ठेवले. "आण्णा, पत्ता पुसला गेला!"

"पुसला जाणारच होता." त्यांनी शांतपणे तोच पत्ता पुन्हा लिहिला. दवाखाना सुरू झाला. मग शाळेचे पोर्ट दुसऱ्या क्षेत्रात टाकून त्यालाही त्यांनी तोच पत्ता दिला! राउटरने निमूटपणे घेतला.

"दोघांचा पत्ता एकच, तरी चालतं?" निलोफरने विचारले.

"अगं, मारुतीच्या देवळामागचं दुसरं घर कितीतरी गावांत असतं," आण्णा हसून म्हणाले. "गाव ठाऊक असलं की पोस्टमन चुकत नाही. राउटरकडे वाटांची एकच वही होती, म्हणून तो गोंधळत होता. आता प्रत्येक गावाची वही वेगळी. माणूस गाव बदलतो तेव्हा जुना पत्ता मागेच राहतो. नव्या गावात तो नव्याने लिहावा लागतो. आता शाळेची बाहेर, इंटरनेटकडे जाणारी तार तू कर."

तिने त्या तारेचे पोर्ट शाळेच्या क्षेत्रात टाकले. पत्ता गेला. तिने तो पुन्हा लिहिला, आणि वरून परीक्षकांचा आवाज आला, "हां, ऐकू येतंय. वाजवा!" मुलींनी टाळ्या पिटल्या, सतारी छेडल्या गेल्या, खाली रांगेतली म्हातारी माणसेही माना डोलवू लागली.

इतक्यात शेजारचे दंतवैद्य संकोचत दारात आले. "आम्हालाही जोडून घ्याल का? पण आमचेही पत्ते हेच आहेत. बदलावे लागतील ना?"

आण्णांनी निलोफरकडे पाहिले.

"काही बदलू नका, डॉक्टर," निलोफर म्हणाली. "फक्त तुमच्या तारा इथवर आणून द्या."